पन्नास खाटांचं अनुदान: एका बेघर निवाऱ्याचा ताळेबंद

शहरी बेघरांचा निवारा चालवण्यासाठी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने ठरवलेला दर होता पन्नास जणांच्या निवाऱ्यामागे वर्षाला ६ लाख रुपये, तोही पाच वर्षांपुरता. भागाकार केला तर माणशी महिन्याला हजार रुपये आणि दिवसाला तेहतीस. स्टेशनबाहेरच्या गाडीवर तेवढ्यात दोन वडापाव येतात. याच तेहतीस रुपयांत चोवीस तास उघडी इमारत, तीन पाळ्यांची माणसं, साफसफाई, औषधगोळ्या, कागदपत्रं आणि ‘पुनर्वसन’ बसवायचं असतं.

मी लहान संस्थांचे हिशेब लिहितो आणि त्यांचे प्रस्ताव तयार करून देतो. इथे मांडलेली संस्था आणि शहर महाराष्ट्रातलं असलं तरी ते एकच एक ठिकाण नाही. निवारे चालवणाऱ्या काही संस्थांच्या नस्त्यांमधून, म्हणजे फायलींमधून, हे प्रकरण जोडून उभं केलं आहे, त्यामुळे नावं नाहीत आणि संस्थेचे आकडे पूर्णांकात आहेत. योजनेचे नियम, दर आणि तारखा मात्र खऱ्या.

मागची गोष्ट थोडक्यात

निवारे उभे राहिले ते न्यायालयामुळे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली आदेश दिला, की पाच लाखांवरच्या शहरांमध्ये दर लाख लोकसंख्येमागे एक तरी चोवीस तासांचा निवारा हवा. पुढे सप्टेंबर २०१३ मध्ये नागरी उपजीविका अभियान आलं आणि ‘शहरी बेघरांसाठी निवारा’ हा त्याचा एक घटक झाला. केंद्र आणि राज्य यांचा वाटा आधी ७५:२५ होता, नंतर ६०:४० झाला. जागा आणि इमारत नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची, आणि चालवायला बहुतेक ठिकाणी स्वयंसेवी संस्था.

तरी काम रेंगाळलंच. निधी असून निवारे उभे राहत नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०१६ मध्ये न्या. कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली. अनेक महापालिकांनी निवाऱ्यांचं मनावर घेतलं ते या समितीनंतर. आपल्या प्रकरणातला करार त्याच लाटेतला, एप्रिल २०१९ ते मार्च २०२४.

जागा आणि जमाखर्च

मनपाने दिली ती पटसंख्येअभावी बंद पडलेली शाळा. चार वर्ग, प्रत्येक वीस बाय पंचवीस. योजनेच्या निकषाप्रमाणे माणशी पन्नास चौरस फूट जागा लागते, म्हणजे चार वर्गांत चाळीस जण. पण मंजुरी हवी होती पन्नासची, कारण सहा लाखांचा दर पन्नासला. मग व्हरांडा मोजला गेला. पहिल्या पावसाळ्यात त्या व्हरांड्यात कुणी झोपू शकलं नाही, आणि तिथल्या दहा खाटा वर्गांत एकावर एक चढवाव्या लागल्या.

वीज, पाणी आणि मोठी दुरुस्ती मनपाकडे. संस्थेचा महिन्याचा खर्च साधारण असा: व्यवस्थापक १८ हजार, तीन काळजीवाहक प्रत्येकी १३ हजार, अर्धवेळ सफाई ८ हजार, फिनेल-साबण आणि चादरींची धुलाई ६ हजार, औषधं आणि दवाखान्यात नेण्याआणण्याचं रिक्षाभाडं ३ हजार, किरकोळ दुरुस्ती ३ हजार, फोन, रजिस्टरं, झेरॉक्स आणि लेखापरीक्षण मिळून ३ हजार. एकूण ८० हजार. जमेला ५० हजार. जेवण यात धरलेलंच नाही. ते मंडळं, गुरुद्वारा, वाढदिवस आणि पुण्यतिथ्यांवर चालतं, आणि पितृपंधरवड्यात इतकं येतं की शेजारच्या वस्तीत वाटावं लागतं.

या तक्त्यात माझी नजर दर वेळी अडते ती काळजीवाहकांच्या ओळीवर. आठ तासांच्या तीन पाळ्या आणि तीन माणसं, हा नमुना वरून आलेला. हिशेब चोख दिसतो, पण त्यात साप्ताहिक सुट्टीच नाही. तिघांपैकी एकाला रविवार दिला की दुसरा सोळा तास उभा. या शहरात तो रविवार पाच वर्षं व्यवस्थापकाने भरून काढला, आणि त्याच्या कामाच्या यादीत असलेलं समुपदेशन, कागदपत्रं आणि कुटुंबाचा शोध हे सगळं उरलेल्या वेळात गेलं. प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी चौथ्या माणसाचे पैसे मागितले नाहीत, कारण ते मागितले तर आकडा सहा लाखांच्या बाहेर जातो. जे बसत नाही ते लिहायचं नाही, हा आपल्याकडे प्रस्तावलेखनाचा अलिखित नियमच झालाय.

एक देयक, जवळून

पैसे आधी खर्च करायचे आणि नंतर मागायचे, अशी पद्धत. त्रैमासिक देयकाची एक नस्ती माझ्यासमोर आहे. वर विनंतीपत्र, खाली तीन महिन्यांचे हजेरीपट, रोजचं एक पान, प्रत्येक पानावर नाव, वय, येण्याची वेळ आणि सही किंवा अंगठा. मग पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधीचं चलन, खरेदीची बिलं, आणि तारीख-वेळ-ठिकाण उमटलेले फोटो. ही नस्ती समुदाय संघटकाकडून शहर अभियान व्यवस्थापकाकडे, तिथून उपायुक्तांकडे, मग लेखापरीक्षण आणि शेवटी लेखा विभाग अशी चढते. प्रत्येक टेबलावर शेरा पडू शकतो आणि शेरा पडला की नस्ती पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

या नस्तीवरचा शेरा असा: ‘दि. १७ रोजी ५२ नावे नोंद. मंजूर क्षमता ५०. खुलासा सादर करावा.’ संस्थेच्या सचिवताईंनी खाली लिहून दिलं, ‘त्या रात्री अतिवृष्टी होती. दोघे भिजत दारात आले, परत पाठवले नाही.’ खुलासा मान्य झाला. पण तो मान्य होऊन नस्ती पुढे सरकेपर्यंत तिमाही संपून दुसरी सुरू झाली होती. पैसे आले तेव्हा त्यातून २ टक्के टीडीएस कापलेला, कारण लेखा विभागाच्या लेखी हे अनुदान नसून कंत्राटदाराचं देयक होतं. आयकर विवरणपत्र भरून तो परतावा मागायचा, आणि तो येईपर्यंत आणखी वर्ष.

देयक सरासरी सहा महिने मागे चालत होतं. म्हणजे कुठल्याही दिवशी संस्थेचे सहाएक महिन्यांच्या खर्चाचे, चार लाख ऐंशी हजार रुपये शहराच्या सेवेत गुंतलेले. खजिनदार निवृत्त बँक अधिकारी. ते एका बैठकीत म्हणाले, “आपण दर रात्री महापालिकेला कर्ज देतो आहोत, आणि तेही बिनव्याजी.” सार्वजनिक न्यासाने स्वतः कर्ज काढायचं म्हटलं तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचे नियम आडवे येतात, आणि तारण काय ठेवणार, खाटा? म्हणून ही रक्कम विश्वस्तांच्या खिशातून आणि संस्थेच्या बालवाडीच्या गंगाजळीतून उभी राहायची. ज्या संस्थेकडे अशी गंगाजळी नाही, ती कितीही चांगली असली तरी निवारा घेऊ शकत नाही. रस्त्यावरच्या माणसांत वर्षानुवर्षं काम केलेले छोटे गट या चाळणीतून खाली पडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहतो.

कपातीचा नियम

तिसऱ्या वर्षी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, की खाटा रिकाम्या असताना पूर्ण रक्कम का दिली जाते. वरवर पाहता प्रश्न रास्त आहे. त्यावर तोडगा निघाला तो प्रत्यक्ष उपस्थितीच्या प्रमाणात देयकाचा. मे महिन्यात सरासरी एकतीस जण होते. उन्हाळ्यात बरेच जण उघड्यावर झोपणं पसंत करतात आणि काही गावी जातात. त्या महिन्याचे ५० हजारांऐवजी ३१ हजार मिळाले. जुलैत चौसष्टपर्यंत आकडा गेला, पण पैसे पन्नासचेच. खाली कपात, वर मर्यादा. काळजीवाहकाचा पगार मात्र एकतीसलाही तोच आणि चौसष्टलाही तोच.

पण या नियमाचा खरा फटका उन्हाळ्यापेक्षा दुसरीकडे बसला. निवाऱ्यात राहणाऱ्यांपैकी बरेच जण रोज कामाला जाणारे होते. लग्नाच्या जेवणावळीत वाढपी, हमाल, बांधकामावरचे बिगारी. एक पन्नाशीचे गृहस्थ केटरिंगच्या कामावर होते आणि हंगामात महिन्याला दहा-बारा हजार मिळवत. खोलीचं भाडं त्यांना परवडत होतं, डिपॉझिट नव्हतं. आधारकार्डही नव्हतं, कारण पत्ता नाही. ठरावीक नमुन्यातलं निवाराप्रमुखाचं प्रमाणपत्र आधार केंद्रावर चालतं. ते देऊन कार्ड झालं, मग बँक खातं झालं, आणि ठेकेदाराकडे अडकलेली मजुरी खात्यात येऊ लागली. डिपॉझिटचे दहा हजार एका देणगीदाराने दिले. चाळीतल्या दोन खोल्यांत, निवाऱ्यातल्याच दुसऱ्या एकासोबत भागीदारीत, ते राहायला गेले.

दोन खाटा रिकाम्या झाल्या आणि पुढच्या देयकात दोन खाटांचे पैसे कमी आले.

निवाऱ्याचं काम चांगलं झालं की उत्पन्न घटतं, अशी ही रचना. संस्थेने मुद्दाम कुणाला अडकवून ठेवलं असं मी म्हणणार नाही, तसं दिसलं नाही. पण डिपॉझिटसाठी निधी गोळा करायची घाई त्यानंतर कमी झाली, एवढं इतिवृत्तांवरून कळतं. हजेरीपटावर माणूस ‘आला’ याची नोंद आहे, ‘का गेला’ याला रकाना नाही. कोण खोलीवर गेला, कोण घरी परतला, कोण पुन्हा पुलाखाली आणि कोण रुग्णालयात, हे व्यवस्थापकाच्या एका शंभर पानी वहीत होतं. ती वही मनपाने कधी मागितली नाही.

दुसऱ्या टोकाचाही उल्लेख हवा. मानसिक आजार असलेले काही जण पोलीस आणून सोडत. त्यांच्यासाठी वैद्यकीय देखरेख लागते आणि निवारा त्यासाठी नाही, तरी रात्री दोन वाजता काळजीवाहक ‘नाही’ म्हणू शकत नाही. शिवाय १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहेच. एका बाजूने माणसाला पकडणारी यंत्रणा आणि दुसऱ्या बाजूने त्यालाच खाट देणारी यंत्रणा, दोन्ही एकाच शहरात. कोविडच्या टाळेबंदीत तर शाळेच्या मैदानात तंबू टाकून दुपटीहून जास्त माणसं ठेवली होती. त्याचं वेगळं अनुदान आपत्ती निधीतून आलं, आणि गंमत म्हणजे पाच वर्षांत वेळेवर आलेली तेवढी एकच रक्कम.

पाच वर्षं संपली

मार्च २०२४ ला करार संपला. मार्गदर्शक तत्त्वांत पाच वर्षांनंतर खर्च स्थानिक संस्थेने उचलावा अशीच अपेक्षा होती, पण त्यासाठी मनपाच्या अंदाजपत्रकात लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचा स्वतंत्र मथळाच उघडलेला नव्हता. दिव्यांगांसाठी आणि महिला-बालकल्याणासाठी पालिकांना निधीचा ठरावीक टक्का राखावा लागतो. बेघरांसाठी असा टक्का नाही. मतदारयादीत नाव नसलेल्या माणसांसाठी नगरसेवकांनी आग्रह धरावा ही अपेक्षाही भाबडी, आणि तेव्हा तर सभागृहाची मुदत संपून प्रशासकच कारभार पाहत होते.

त्यात ३० सप्टेंबर २०२४ ला अभियानच थांबलं. नवी दीनदयाळ जन आजीविका योजना प्रायोगिक पातळीवर निवडक २५ शहरांत सुरू झाली आणि आपलं शहर त्यात नव्हतं. लेखा विभागाचं म्हणणं, केंद्राचं नवीन धोरण येऊ द्या, तोवर थांबा. फेब्रुवारी २०२५ मध्ये हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात निघाला. नागरी दारिद्र्य निर्मूलनाच्या अभियानाला अंतिम रूप दिलं जात असल्याचं महान्यायवादींनी सांगितलं. त्याच सुनावणीत न्या. भूषण गवई यांनी फुकटच्या योजनांमुळे लोक काम करायला तयार नाहीत असं मत व्यक्त केलं आणि वर्तमानपत्रांत मथळा त्याचाच झाला. केटरिंगवाल्या गृहस्थांचा हिशेब ज्याने पाहिलाय त्याला हे पटणं कठीण आहे. पण मथळ्याचा परिणाम टेबलांवर झाला आणि सरकणारी नस्ती पुन्हा अडली.

या काळात संस्थेला एक-एक महिन्याची तोंडी मुदतवाढ मिळत होती. तोंडी, म्हणजे कार्यादेश नाही, म्हणजे देयक कशावर काढायचं हा प्रश्न. शेवटी मनपाने ई-निविदा काढली. अटी अशा: मागील तीन वर्षांची सरासरी उलाढाल २५ लाख, बयाणा रक्कम, अनामत रक्कम, आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम. मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीही पात्र. म्हणजे सुरक्षारक्षक पुरवणारा कुणीही तीन माणसं दारात उभी करून निवारा चालवू शकेल, आणि कागदावर त्यात चूक काही नाही.

विश्वस्तांपुढचा प्रश्न

निविदा भरावी का? सचिवताईंचं मत, भरावीच. आपण सोडलं तर पन्नास माणसांचं काय होणार ते सगळ्यांना दिसतंय. खजिनदारांचं मत उलट. दर कमी लावला तर वर्षाला ३ लाख ६० हजारांची तूट आणखी वाढणार आणि बालवाडी बुडणार. पूर्ण खर्चाचा दर लावला तर काम मिळणार नाही. एका तरुण विश्वस्ताने कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा (सीएसआर) मार्ग सुचवला.

त्यासाठीची धडपड मी जवळून पाहिली. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत भूक आणि दारिद्र्य निर्मूलन आहे, स्त्रिया आणि अनाथांसाठी वसतिगृहं आहेत, वृद्धाश्रम आहेत. रस्त्यावर झोपणारा धडधाकट पुरुष तिथे नावाने कुठेच नाही, त्यामुळे कंपनीच्या अधिकाऱ्याला तो कोणत्या बाबीखाली टाकायचा हेच कळेना. त्यातून पगाराला पैसे मागितले की ठरलेलं उत्तर, ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही.’ हा गैरसमज आता इतका मुरलाय की तो नियमच वाटतो. २०२१ च्या दुरुस्तीने ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला लावली आहे. निवाऱ्यातल्या काळजीवाहकाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. नियमाची प्रत जोडून दिल्यावर एका कारखान्याने ते मान्य केलं, पण फक्त एका वर्षासाठी, आणि खाटांवर कंपनीचं नाव रंगवायच्या अटीवर.

माझा सल्ला होता, की आहे त्या अटींवर निविदा भरू नये, पण गप्पही बसू नये. निविदापूर्व बैठकीत लेखी हरकत द्यावी आणि सोबत दोन कागद जोडावेत: पूर्ण खर्चाचा तक्ता, ज्यात चौथा काळजीवाहक लपवलेला नाही, आणि व्यवस्थापकाच्या त्या शंभर पानी वहीतून काढलेली, नावं झाकलेली, पाच वर्षांत कोण कुठे गेलं याची यादी.

बैठकीत उपायुक्तांनी ती यादी उलटून पाहिली आणि विचारलं, “मॅडम, हे आधी का नाही दिलंत?” सचिवताई म्हणाल्या, “साहेब, नमुन्यात रकाना नव्हता.”

निघालं ते

ई-निविदा रद्द झाली, पण आमच्या हरकतीमुळे असं छातीठोक सांगता येणार नाही. कमी दराने आलेल्या एजन्सीकडे भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रं अपुरी होती, हेही कारण होतं. त्याजागी स्वारस्य अभिव्यक्ती, म्हणजे काम करू इच्छिणाऱ्यांचे प्रस्ताव, मागवली गेली, ज्यात दराबरोबर अनुभवालाही गुण होते, आणि काम संस्थेला अकरा महिन्यांसाठी मिळालं, या वेळी मनपाच्या स्वनिधीतून.

महिन्याचा दर ५० वरून ६२ हजारांवर गेला. सफाई मनपाच्या प्रभागातल्या ठेक्यात टाकल्याने संस्थेचे ८ हजार वाचले. तूट १० हजारांवर आली. तीन महिन्यांची आगाऊ रक्कम मागितली होती, ती ‘तरतूद नाही’ म्हणून फेटाळली, मात्र देयक त्रैमासिकऐवजी मासिक झालं आणि संयुक्त पाहणी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरली. कपातीच्या बाबतीत मधला मार्ग निघाला. पगाराची रक्कम ठरावीक राहील, उपस्थितीचं प्रमाण लागेल ते फक्त उरलेल्या खर्चाला. हजेरीपटाच्या नमुन्यात शेवटी एक रकाना वाढला, ‘निवारा सोडण्याचे कारण’. पुनर्वसन झालेल्याची खाट तीस दिवस भरलेली धरावी ही विनंती लेखा विभागाकडे अजून प्रलंबित आहे.

कारखान्याच्या पैशातून एक अर्धवेळ कार्यकर्ती आली. ती फक्त आधार, बँक खातं आणि खोल्यांची डिपॉझिटं एवढंच पाहते. पुढच्या वर्षी ते पैसे असतील का, हे कंपनीच्या नफ्यावर ठरेल. पहिलं मासिक देयक पन्नास दिवसांत निघालं. दुसरं टीडीएसच्या कलमावरून अडकलंय. चौथ्या काळजीवाहकाची मागणी नामंजूर झाली होती, ती पुढच्या अंदाजपत्रकासाठी पुन्हा पाठवली आहे, या खेपेला लेखाशीर्षाच्या प्रस्तावासकट.